होल्स्टर कुणाच्या कमरेला?

अमेरिकेत माणूस दुकानात जातो आणि काउंटरवरच्या पोराला सांगतो, बाबा, दिवसभर कमरेला लावून त्रास होणार नाही असं होल्स्टर दाखव. पोरगा दहा प्रकार काढून पुढं मांडतो. पँटच्या आतलं, पँटच्या बाहेरचं, काखेतलं, घोट्याला बांधायचं, खिशात सरकवायचं. गिऱ्हाईक खुर्चीत बसून बघतं, वाकून बघतं, शर्ट बाहेर सोडून आरशात बघतं. पोटाला टोचतंय का, बरगडीला लागतंय का, कुणी मिठी मारली तर त्याच्या हाताला कळेल का. पटलं तर ठेवतो, नाही पटलं तर महिन्याभरानं दुसरं आणतो. तिकडच्या पिस्तुलवाल्याच्या घरी न पटलेल्या होल्स्टरांचं एक खोकं पडलेलं असतंच, हा त्यांच्यातलाच जुना विनोद आहे.

त्रास. मी या एका शब्दाशी अडलो. हत्यार आपल्या कमरेला असावं की नसावं हा त्या गिऱ्हाइकाचा प्रश्न त्याच्या आज्यापणज्यानंच निकालात काढलेला. त्याला आता फक्त टोचू नये एवढंच हवंय. आणि इकडे आमच्या पोरानं मिशीला पीळ दिला, घोड्यावरून वरात काढली, बूट घालून पाटलाच्या दारावरून गेला, की सगळ्या गावाला टोचतं. तिथं हत्याराचा त्रास होऊ नये म्हणून बाजार भरलाय, इथं बुटाचा त्रास होतो म्हणून मुडदे पडतात.

हे लिहायचं कारण साधं आहे. वस्तीतली पोरं मला गाठून विचारतात, काका, कुठलं कव्हर भारी? त्यांच्या मोबाइलात गोऱ्या लोकांचे व्हिडिओ असतात आणि भिंतीवर ब्लॅक पँथरचं पोस्टर असतं. मला विचारतात कारण मी फौजेत सतरा वर्षं काढली, बाहेर आलो, .३२ चं लायसन मिळालं, आणि पुढं सहा वर्षं एका धनदांडग्याचा अंगरक्षक म्हणून रोज बारा-बारा तास कमरेला रिव्हॉल्व्हर लावून फिरलो. म्हणून आधी कव्हराचंच सांगतो. राजकारण मागून येईल, ते काही पळून जात नाही.

पहिलं बघायचं ते ट्रिगर. ट्रिगर आणि त्याच्याभोवतीची कडी पूर्ण झाकली गेली पाहिजे, आणि झाकणारी वस्तू इतकी टणक पाहिजे की बाहेरून कितीही दाबलं तरी आत ट्रिगरवर दाब पोचता कामा नये. होल्स्टरचं हे काम आधी, बाकी सगळं नंतर. हल्लीच्या कित्येक पिस्तुलांना, ग्लॉकसारख्या, अंगठ्यानं लावायचा सेफ्टीचा खटकाच नसतो. ट्रिगर ओढला की गोळी सुटली. मग कमरेला असताना तुमच्या आणि गोळीच्या मध्ये काय आहे? ते कव्हर. बाजारात फोमची, रेक्झिनची, नायलॉनची मऊ कव्हरं मिळतात, सगळ्या पिस्तुलांना एकच माप. हातात घेतली की उशीसारखी लागतात, पोरं त्यावरच भाळतात. ती घेऊ नका. पिस्तूल बाहेर काढलं की त्यांचं तोंड मिटतं, परत घालायचं तर दुसऱ्या हातानं तोंड उघडावं लागतं, म्हणजे नळीपुढं तुमचाच पंजा. आणि वापरून ढिलं पडलेलं कातडं आत घडी घेतं, ती घडी ट्रिगरच्या कडीत शिरते. तुम्ही वरून पिस्तूल रेटता आणि ती घडी बोटाचं काम करते. गोळी आपल्याच मांडीतून जाते. म्हणून परत घालताना कधी घाई करायची नाही, शर्ट बाजूला धरायचा, डोळ्यानं बघायचं, मग सावकाश घालायचं. काढायची घाई एक वेळ समजू शकते, घालायची घाई कुणाला दाखवायची?

दुसरं, धरून ठेवणं. पिस्तूल रिकामं करा, दोनदा बघा रिकामं आहे का, होल्स्टरमध्ये घाला आणि होल्स्टर उलटं करून हलवा. पडलं तर ते कव्हर दुकानदाराला परत. तुम्ही धावणार, कुणी ढकलणार, बसमधून उडी मारणार. गर्दीत पिस्तूल जमिनीवर पडलं तर ते पहिल्यांदा कुणाच्या हाताला लागेल हे सांगता येत नाही.

तिसरं, पट्टा. कव्हरावर हजारो रुपये घालतात आणि पँटला रस्त्यावरचा लुळा पट्टा लावतात. मग पाऊण किलोच्या घरातलं लोखंड एका बाजूला लोंबतं, पँट खाली सरकते, माणूस दर दहा पावलांना कंबर वर ओढतो आणि शंभर माणसांत कळतं की ह्याच्या कमरेला काहीतरी आहे. दुहेरी कातड्याचा, मधे शिवलेला, जाड पट्टा घ्या. निम्मा त्रास तिथंच संपतो.

आता जागा. उजव्या हाताचा माणूस असेल तर उजव्या कुल्ल्यावर, हाडाच्या जरा मागं, ही जुनी आणि शहाणी जागा. उभं राहताना कळत नाही, फक्त वाकलं की मागून शर्ट ताणतो आणि मूठ दिसते. म्हणून वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं. पोटावर पुढं लावायची हल्ली फॅशन आहे, हात लवकर पोचतो हे खरं, पण बसलं की नळी कुठं रोखलेली असते हे एकदा खाली बघून समजून घ्या. मांडीतली मोठी रक्तवाहिनी तिथंच असते. पाठीच्या कण्यावर मधोमध कधीच नको, पाठीवर पडलात तर मणक्याखाली लोखंड. काखेतलं सिनेमात छान दिसतं, पण आडवं लटकलेलं असेल तर मागच्या रांगेतल्या प्रत्येकावर नळी रोखलेली राहते. खिशात ठेवायचं तर खिशातलं वेगळं कव्हर लागतं आणि त्या खिशात दुसरं काही म्हणजे काही नको, किल्ली नको, नाणं नको.

आणखी एक गोष्ट कुठल्याच अमेरिकन व्हिडिओत सापडणार नाही. त्यांची सगळी मापं खुर्चीवर आणि गाडीत बसणाऱ्या माणसाची. आपण उकिडवे बसतो, मांडी घालून बसतो, विहारात जमिनीवर बसतो. पँटच्या आत लावलेलं कव्हर मांडी घातली की पोटात शिरतं. त्यासाठी पँट कमरेत एक-दोन इंच मोठी शिवावी लागते हे शिंप्याला आधी सांगावं लागतं, आणि तो विचारतो काय हो, जाड होणार आहात का. आणि संडासात? पट्टा सोडला की सगळं वजन एका बाजूला कलंडतं. उकिडवं बसून एक हात रिव्हॉल्व्हरवर ठेवायचा आणि दुसऱ्यानं उरलेलं. सहा वर्षं मी हे केलं. रुबाब बघणाऱ्यांनी हेही बघावं.

घाम तर विचारू नका. मे महिन्यात पँटच्या आतलं कव्हर म्हणजे अंगाला बांधलेली चूल. आत बनियन पाहिजेच, तीसुद्धा लांब, नाहीतर कातडी सोलते. कायडेक्स नावाचं एक प्लास्टिक तिकडे चालतं, त्याचा पत्रा तापवून पिस्तुलाच्या आकारावर दाबून बसवतात. ते घाम पीत नाही, तोंड उघडं ठेवतं, वर्षानुवर्षं आकार सोडत नाही. टणकपणाला त्याच्या तोडीचं काही नाही. पण त्याची कड उघड्या अंगाला लागली की विळ्यासारखी लागते. कातडं अंगाशी जुळवून घेतं, पण घाम पितं आणि लोखंडाला गंज देतं. म्हणून रात्री पिस्तूल कव्हरात ठेवून झोपायचं नाही, पुसून, तेलाचा हात फिरवून वेगळं ठेवायचं. घरात लेकरं असतील तर कुलूपबंद पेटीत, किल्ली आपल्या अंगावर. यात हयगय करणाऱ्यानं लायसन मागूच नये, मग तो कुठल्याही जातीचा असो.

मी शेवटी कातडंच पत्करलं आणि ते बाजारात घेतलं नाही. एक म्हातारे कारागीर होते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. जातीनं चांभार, हातानं जादूगार. त्यांनी आयुष्यात रिव्हॉल्व्हर हातात धरलेलं नव्हतं. मी रिकामं करून पुढं ठेवलं तर आधी हात मागं घेतला. मग म्हणाले, काड आनखी एकदा गोळ्या. मी सिलिंडर उघडून सहाही भोकांतून उजेड दाखवला. मग त्यांनी ते लहान पोराच्या पायाचं माप घ्यावं तसं चारी अंगानं चाचपलं. बाभळीच्या सालीनं कमावलेलं कातडं आणलं, रसायनात झटपट कमावलेलं नको म्हणाले, ते लोखंड खातं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, बुटाच्या खिळ्यांनी शिकवलं होतं. रिव्हॉल्व्हर प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलं, कातडं पाण्यात भिजवून त्यावर ओढलं, हाडाच्या तुकड्यानं दाबत दाबत आकार काढला, ट्रिगरच्या कडीपाशी दुहेरी पदर घातला आणि सावलीत वाळवलं. मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवलं. तोंडाला आतून एक जास्तीची पट्टी घातली, म्हणजे ते मिटत नाही. व्हिडिओतला गोरा तासभर बोलून जे सांगतो ते तात्यांनी दोन दिवसांत रापी आणि आरीनं करून दिलं.

देताना तात्या एकच बोलले. म्हणाले, गड्या, जल्मभर मी पायातलं शिवलं, आज पयल्यांदा कमरेचं शिवलं.

माझं डोकं तिथून फिरलं ते फिरलंच. बघा ना. मेलेलं जनावर ओढायचं कुणी? महारानं. कातडं कमवायचं कुणी? ढोरानं. शिवायचं कुणी? चांभारानं. आणि कमरेला लावायचं कुणी? कानपुरात इंग्रजानं १८६० च्या सुमाराला खोगिरं आणि पट्टे करायचा सरकारी कारखाना उभा केला, त्या शहराची चामड्याची सगळी कमाई उत्तरेतल्या चमारांच्या हातावर उभी राहिली. त्याच कानपुरात सरकारचा कारखाना .३२ चं रिव्हॉल्व्हर करतो. लोखंड तिथलं, कातडं तिथलं, हात आपले. गाढवासारखं ओझं वाहून आणायचं आपण आणि गाठोडं उघडायचं त्यांनी, हा बलुत्याचा हिशेब पिस्तुलापर्यंत पोचला.

आता त्या भिंतीवरच्या पोस्टरकडं या. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन, हे आपल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. त्या प्रसिद्ध फोटोत ह्यूई न्यूटनच्या हातात बंदूक आहे, छातीवर काडतुसांचा पट्टा आहे, आणि शेजारी बॉबी सीलच्या कमरेला पिस्तूल आहे. पोरं बंदूक बघतात. मी कमर बघतो. पिस्तूल बाहेर, जगाला दिसेल असं लावलेलं आहे. का? दडवायला जॅकेट नव्हतं म्हणून नाही. १९६६-६७ साली कॅलिफोर्नियात भरलेलं हत्यार उघडं घेऊन रस्त्यावर फिरायला कायद्यानं मोकळीक होती. दडवून न्यायचं तर शेरीफचं किंवा पोलीसप्रमुखाचं परमिट लागायचं, आणि ते द्यायचं की नाही ही त्याची मर्जी. काळ्या माणसाला ती मर्जी कशी भेटत असेल हे मी दलित वाचकाला समजावून सांगत बसत नाही. म्हणून त्यांनी हत्यार बाहेर लावलं. पोलीस काळ्या माणसाची गाडी अडवायचे तेव्हा हे पँथर कायद्यानं सांगितलेल्या अंतरावर उभे राहायचे, एका हातात हत्यार, दुसऱ्या हातात कायद्याचं पुस्तक. कव्हर कुठं लावायचं हे त्यांच्या पोटानं किंवा बरगडीनं ठरवलं नव्हतं, कायद्याच्या कलमानं ठरवलं होतं.

पुढं काय झालं? ओकलंडचाच डॉन मलफर्ड नावाचा आमदार भरलेलं हत्यार उघड बाळगायला बंदी करणारं बिल घेऊन आला. २ मे १९६७ ला तीसेक पँथर बाया-माणसं हत्यारांसह सॅक्रामेंटोच्या विधानभवनात निषेधाला गेली. बिल आणखी लवकर पास झालं आणि जुलैत गव्हर्नर रोनाल्ड रेगननं सही ठोकली. तोच रेगन पुढं बंदूकवाल्यांचा लाडका राष्ट्राध्यक्ष झाला. गोऱ्यानं बंदूक लावली तर स्वातंत्र्य, काळ्यानं लावली की कायदा दुरुस्त.

त्याच्याही आधी, १९५६ च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंगच्या माँटगोमेरीतल्या घरावर बॉम्ब टाकला. अहिंसेच्या त्या पुजाऱ्यानं तेव्हा हत्यार बाळगायच्या परमिटसाठी रीतसर अर्ज केला होता. नाकारला. बॉम्ब पडलेल्या घराच्या मालकाला गरज नाही, तर मग गरज कुणाला असते? आणि आणखी शंभर वर्षं मागं जा. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॉनी यानं काळे नागरिक मानले तर काय काय अनर्थ होईल याची यादी दिली, त्यात एक अनर्थ हा होता की ते वाटेल तिथं हत्यार घेऊन फिरू शकतील. म्हणजे बघा, नागरिक असणं आणि कमरेला हत्यार असणं यांचा संबंध मी जोडत नाहीये. मालकांनीच जोडून ठेवलाय.

जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं न्यूयॉर्कचा १९११ पासूनचा कायदा उडवला, त्यात हत्यार दडवून बाळगायला खास कारण दाखवावं लागायचं. आता कारण विचारायची सोय राहिली नाही. त्यामुळं होल्स्टरचा बाजार आणखी तेजीत. काळ्यांनीही आपले बंदूक क्लब काढलेत, बायाही नेम धरायला शिकतायत. कागदावर सगळं सारखं झालं.

कागदावर. ६ जुलै २०१६ ला मिनेसोटात फिलँडो कॅस्टील नावाच्या काळ्या माणसाची गाडी पोलिसानं अडवली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारा माणूस. त्याच्याकडे परमिट होतं. त्यानं आपण होऊन पोलिसाला सांगितलं की साहेब, माझ्याजवळ पिस्तूल आहे. पोलिसानं सात गोळ्या झाडल्या. शेजारी त्याची मैत्रीण, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची पोरगी. २०१७ साली ज्यूरीनं पोलिसाला निर्दोष सोडलं. सगळ्यात आरामशीर होल्स्टर सांगा म्हणणाऱ्या गोऱ्या गिऱ्हाइकाला पोलीस अडवतो तेव्हा परमिट दाखवलं की बहुतेक वेळा दोघं मिळून हत्यारावर गप्पा मारतात. काळ्याच्या कमरेचं हत्यार कुठल्याच कव्हरात झाकत नाही, कारण झडती आधी कातडीची होते.

आता आपल्याकडे. १८७८ च्या हत्यार कायद्यानं इंग्रजानं या देशाच्या लोकांना निःशस्त्र केलं, गोऱ्यांना सूट दिली आणि लायसनं वाटली ती आपल्या इमानी जमीनदार-सरदारांना. १९५९ साली स्वतंत्र भारताचा कायदा आला, गोरा गेला, पण गावात बंदूक कुणाच्या खुंटीला टांगलेली आहे ते जाऊन बघा. खुंटी तीच, वाडा तोच. २०१६ च्या हत्यार नियमांत आपल्याकडचा होल्स्टरचा कायदासुद्धा आहे, पोरांना हे सांगितलं की त्यांना आश्चर्य वाटतं. सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत पाहिजे, ते पूर्ण झाकलेलं पाहिजे आणि त्यावर तुमचा ताबा पाहिजे. उगारून दाखवायला बंदी. २०१९ च्या दुरुस्तीनं लग्नात-वरातीत आनंदाच्या गोळ्या झाडल्या तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नियम चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण वरातीत गाडीच्या टपावर उभं राहून हवेत पिस्तूल नाचवणारी पोरं कुणाची असतात? त्यांचं कव्हर कुठं असतं? झाकलेलं पाहिजे हा नियम ज्याला भीती आहे तोच पाळतो.

आणि माझ्या कमरेचं काय? मला लायसन मिळालं ते फौजेच्या कागदावर, आणि सहा वर्षं ते वापरलं एका सवर्ण धनवानाच्या जिवासाठी. त्याच्या सोसायटीचा वॉचमन मला सलाम ठोकायचा, लिफ्टमध्ये बाया माझ्याकडं बघून निर्धास्त व्हायच्या. माझ्या कमरेच्या हत्याराचा कुणालाच त्रास नव्हता. गावी सुट्टीवर गेलो, तेच रिव्हॉल्व्हर, तेच लायसन, तेच तात्यांचं कव्हर, नियमाप्रमाणं शर्टाखाली झाकलेलं. दुसऱ्या दिवशी ठाण्यातून बोलावणं. गावात अशांतता होईल अशी तक्रार आलीय. कुणाची? नाव नाही. शहरात त्याच्या जिवाची राखण केली तर तो बंदोबस्त, गावात माझ्या जिवाची केली तर अशांतता.

हा हिशेब जुना आहे. वेशीवर काठी घेऊन रात्रभर जागणारा येसकर कोण होता? खजिना पोचवणारा कोण होता? ती काठी गावाच्या राखणीला चालायची, त्याच काठीनं महारानं आपल्या झोपडीची राखण केली की बंड व्हायचं. इंग्रजांनी आमच्या बापजाद्यांच्या हातात बंदूक दिली, गरज सरली तशी १८९० च्या दशकात लढाऊ जातींचं थोतांड काढून भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला, उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात १९१७ ला महारांची पलटण उभी केली, १९२१ ला मोडली. १९४१ ला दुसऱ्या युद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा बेळगावात महार रेजिमेंट. सरहद्दीवर आमच्या हातात मशीनगन चालते. वस्तीत काठी चालत नाही.

मग कायद्यात काही आहे का? आहे, आणि हे मी पोरांना मुद्दाम सांगतो, कारण आपल्या पुढाऱ्यांना ते सांगायची आठवण होत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ साली नियम झाले. त्यातला तिसरा नियम वाचा. अत्याचाराची भीती असलेली ठिकाणं सरकारनं हुडकायची. तिथल्या दलित-आदिवासी नसलेल्यांची, त्यांच्या नातेवाइकांची, नोकरांची, मित्रांचीसुद्धा हत्यार-लायसनं रद्द करून हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि गरज वाटली तर दलित-आदिवासींना जिवाच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी हत्याराची लायसनं द्यायची. साफ लिहिलंय. गरज वाटली तर. कुणाला वाटायची? ज्याच्या टेबलावर अर्ज पडतो त्याला. १ डिसेंबर १९९७ ला बिहारात लक्ष्मणपूर बाथेत रणवीर सेनेनं ५८ माणसं मारली. हा नियम तेव्हा अडीच वर्षांचा होता. २०१० साली खालच्या कोर्टानं २६ जणांना शिक्षा दिली, २०१३ साली पाटणा हायकोर्टानं सगळ्या २६ जणांना सोडलं. गरज कुणाला वाटली?

कुणी म्हणेल, कमरेला एक .३२ असलं म्हणून पन्नास जणांचा जमाव थांबतो का? नाही थांबत. सहा गोळ्या आणि पन्नास माणसं, हे गणित मला फौजेनं शिकवलंय, तुम्ही शिकवू नका. गुन्हा नोंदवणारा फौजदार, न फुटणारा साक्षीदार, दोन एकर जमीन आणि एकजुटीची वस्ती यांनी जितकं रक्षण होतं तितकं पिस्तुलानं होत नाही. पण पिस्तूल कामाचं नाही हे मला पाटलानं सांगू नये. त्यानं आधी आपलं जमा करावं.

बायांचं तर या सगळ्यात नावच नाही. होल्स्टरचा बराचसा धंदा पँट आणि पट्टा धरून चालतो. लुगडं नेसणाऱ्या, पदर खोचून भांगलणाऱ्या बाईच्या कमरेला काय लावणार? २०१४ साली कानपूरच्या कारखान्यानं बायांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन पाचशे ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, आणि ते द्यायचे दागिन्याच्या डबीत. मखमलीच्या. दिल्लीत बसमध्ये मारलेल्या पोरीचं नाव आठवायला लावायचं आणि हत्यार द्यायचं दागिन्यासारखं. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला जी माय-लेक मारली त्यांच्या घरी सव्वा लाखाची डबी कुठून येणार होती? डबीत ठेवलेलं रिव्हॉल्व्हर वेळेला हाताशी येत नाही, पर्समधलंही येत नाही, पर्स आधी हिसकावली जाते. अशा बाईच्या अंगाला, तिच्या कपड्याला, तिच्या कामाला जमेल असं कव्हर मी तरी अजून बघितलेलं नाही. तात्या असते तर मी त्यांना हे काम सांगितलं असतं.

तेव्हा काका, कुठलं कव्हर भारी, असं विचारणाऱ्या पोरांना मी आता उलटं सांगतो. कव्हर शेवटी. आधी फॉर्म ए-१ भरा. शहरात पोलीस आयुक्त, जिल्ह्यात कलेक्टर. हत्यार सुरक्षित हाताळायचं शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, तो कंटाळा न करता घ्या, त्यातच निम्मं शहाणपण येतं. अर्जात कारण लिहिताना रडगाणं लिहू नका. १९९५ च्या नियमातला नियम ३(१)(पाच) असं आकड्यानं लिहा. तुमच्या वस्तीवर, तुमच्या घरावर आधी काही गुन्हा झाला असेल तर एफआयआरची नक्कल जोडा. अंगावर गुन्हे असतील तर अर्ज करू नका, पोलिसाच्या रिपोर्टात ते येणारच. नाकारलं तर लेखी कारणं मागा, कलम १४ प्रमाणं ती द्यावी लागतात, आणि कलम १८ खाली अपील करा. एका वस्तीतून एकच अर्ज गेला तर तो फाइलखाली मरतो. चाळीस जणांनी एकाच दिवशी चाळीस अर्ज टाकले तर कारकुनाला चाळीस आवकक्रमांक घालावे लागतात. नंबर आणि शिक्का मारलेली पोच हातात आल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, जेवणाची सुट्टी झाली तरी.